चार हिरवे दिवे

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चिटणीसांनी भाषणाचे निमंत्रण दिले तेव्हा मी त्यांना आधीच सांगितले, की मी वक्ता नाही. माझे आयुष्य हत्यारांच्या पेटीशी गेले. नौदलात मी होतो खरा, पण वैमानिक म्हणून नव्हे. मी विमानाचा यांत्रिक होतो. विमान वर जाण्यापूर्वी त्याच्या पोटाखाली जो माणूस टॉर्च घेऊन वाकलेला असतो, तो मी. चिटणीस म्हणाले, "मग वैमानिकांच्या आठवणी सांगा. मुलांना शौर्याच्या गोष्टी आवडतात." त्यांचा शब्द मोडवला नाही म्हणून आज उभा आहे. मात्र शौर्याच्या गोष्टीतून मी कदाचित दुसरीकडेच जाईन, त्याबद्दल आधीच माफी मागून ठेवतो.

आपल्या नौदलाने जेट विमाने उडवायला सुरुवात केली त्याला साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. जुलै १९६० मध्ये ब्रिटनच्या वेल्स भागातील ब्रॉडी येथे आपल्या नौदलाची पहिली जेट तुकडी उभी राहिली. तिचा क्रमांक ३०० आणि चिन्ह पांढरा वाघ. विमानाचे नाव सी हॉक, म्हणजे समुद्री ससाणा. पुढच्याच वर्षी, ४ मार्च १९६१ रोजी, बेलफास्ट येथे 'विक्रांत' हे आपले पहिले विमानवाहू जहाज नौदलात दाखल झाले. ते जहाज ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधायला घेतले होते. युद्ध संपले आणि ते अर्धवट पडून राहिले. १९५७ मध्ये आपण ते विकत घेतले आणि नव्या पद्धतीचे डेक बसवून पूर्ण करून घेतले. १८ मे १९६१ रोजी त्या डेकवर पहिले जेट विमान उतरले. ते उतरवणारे तरुण लेफ्टनंट होते राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी. हेच पुढे १९८४ ते १९८७ या काळात देशाचे नौदलप्रमुख झाले. नोव्हेंबर १९६१ मध्ये विक्रांत मुंबईला आले तेव्हा पंडित नेहरू स्वतः स्वागताला बॅलार्ड पिअरवर हजर होते.

आता मुलांनो, डेक केवढे होते ते सांगतो. विक्रांतची लांबी सुमारे २१० मीटर. बोईसरच्या फलाटावर बारा डब्यांची डहाणू लोकल उभी राहते ना, तिच्यापेक्षाही ते आखूड. त्यातही विमान उतरायला मिळत असे तो त्या लांबीचा काही भागच. जहाज पुढे चाललेले, लाटांवर वर-खाली होणारे, आणि विमान ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने येणारे. सातपाटीचा तांडेल भरती-ओहोटी पाहून होडी खाडीत घालतो, त्याला या कामातली गंमत आणि भीती दोन्ही लवकर कळतील. बंदर स्थिर असते, तरी केवढे जपावे लागते! इथे बंदरच चालत असे.

सी हॉक एका माणसाचे विमान होते. त्याची दोन आसनी आवृत्ती नव्हतीच. त्यामुळे नवा वैमानिक व्हॅम्पायरसारख्या दोन आसनी जेटवर शिकून येई, सी हॉकची पुस्तके पाठ करी, डोळ्यांवर पट्टी बांधली तरी प्रत्येक कळ हाताला सापडेल इतका सराव जमिनीवर बसून करी, आणि मग एके दिवशी एकटाच वर जाई. पहिल्याच उड्डाणात मागे गुरुजी नाहीत! तो दिवस कोणीही वैमानिक विसरला नाही. पंख्याच्या विमानातून जेटमध्ये आलेले जुने अधिकारी सांगत, की पहिले आश्चर्य शांततेचे वाटे. वैमानिक अगदी नाकाशी बसलेला, इंजिन पाठीमागे. समोर गरगरणारा पंखा नाही, थरथर नाही. खाली आमचे कान फुटायची वेळ, आणि आत बसलेला म्हणे, "रेशमावरून घसरल्यासारखे वाटते."

दुसरी आठवण इंजिनाची. सी हॉकचे इंजिन रोल्स-रॉइसचे, त्याचे नाव नीन. इंजिन एकच, पण त्याचा धूर मागे शेपटीतून न जाता दोन वाटांनी फुटून पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर पडे. त्यामुळे धडाच्या मागच्या भागात तेलाची टाकी बसवायला जागा मिळाली. युक्ती मोठी हुशारीची होती. पण त्या काळच्या सगळ्याच जेट इंजिनांना एक खोड होती. वैमानिकाने हात पुढे ढकलला की लगेच जोर मिळत नसे. इंजिन फिरत फिरत गती घ्यायला काही सेकंद लागत. जमिनीजवळ आल्यावर "अरे, आपण फार खाली आलो" असे लक्षात आले, तर तोपर्यंत उशीर झालेला असे. म्हणून जोर आधीपासून राखून ठेवावा लागे. दहावी-बारावीच्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. फेब्रुवारीत हात पुढे ढकलला तर इंजिन मार्चमध्ये गती घेत नाही.

विमान जहाजावरून उडवण्याची रीतही सांगण्यासारखी आहे. डेकमध्ये एक लांब खाच असते. तिच्याखाली वाफेचे यंत्र. इंग्रजीत त्याला कॅटपल्ट म्हणतात, आपण वाफेची गोफण म्हणू. विमानाला पोलादी दोराने त्या गोफणीत अडकवायचे. जहाज वाऱ्याच्या दिशेने तोंड करी, कारण पतंग उडवताना आपण वाऱ्याकडे पळतो तसेच ते आहे. समोरून जितका वारा मिळेल तितका पंखांना आधार. वैमानिक इंजिन पूर्ण जोरात आणी, डोके पाठीमागे टेकवी. डेकवरचा अधिकारी हिरवे निशाण खाली आणी, आणि दोन-तीन सेकंदांत ते विमान डेकच्या टोकापलीकडे, समुद्रावर. त्या दोन सेकंदांत वैमानिकाच्या हातात फारसे काही नसे. वाफेचा दाब बरोबर मोजला का, दोर नीट अडकवला का, विमानाचे वजन बरोबर कळवले का, हे सारे दुसऱ्यांनी आधी केलेले असे. माझ्यासारख्या पंचवीस-तीस जणांच्या खरेपणावर तो माणूस समुद्रात झेप घेई.

आणि मग उतरणे. विमानाच्या शेपटीखाली एक आकडा असतो. डेकवर आडवे पोलादी दोर ताणलेले असतात. तो आकडा त्यातल्या एका दोरात अडकला की विमान थांबले. अडकला नाही तर तसेच पुढे उडून जायचे आणि फिरून यायचे. म्हणून चाके टेकताक्षणी वैमानिक इंजिन बंद करत नाही, उलट पूर्ण जोर देतो. थांबण्याची आशा ठेवायची, पण तयारी उडून जाण्याची ठेवायची.

उंची बरोबर आहे की नाही हे त्याला कळावे कसे? पूर्वी एक अधिकारी डेकवर उभा राहून हातातल्या फळ्यांनी खुणा करी. जेटचा वेग वाढला तशी ती रीत अपुरी पडू लागली. तेव्हा ब्रिटिश नौदलातील निकोलस गुडहार्ट नावाच्या अधिकाऱ्याने आरशाची युक्ती काढली. असे सांगतात, की वरिष्ठांना पटवण्यासाठी त्याने टेबलावर एक हात-आरसा उभा केला, त्यावर लिपस्टिकने एक आडवी रेघ ओढली, समोर दिवा ठेवला आणि कचेरीतील चिटणीस बाईंना सांगितले, "दिव्याचा ठिपका रेघेवर राहील अशा बेताने आरशाकडे चालत या." त्या बाई हळूहळू वाकत आल्या आणि त्यांची हनुवटी बरोबर टेबलाला लागली. झाले! त्याच तत्त्वावर जहाजाच्या कडेला मोठा आरसा बसला. दोन्ही बाजूंना हिरव्या दिव्यांची ओळ, मध्ये पिवळसर प्रकाशाचा गोळा. गोळा ओळीच्या वर दिसला तर विमान उंच आहे, खाली दिसला तर धोका आहे. शोध नेहमी मोठ्या प्रयोगशाळेतच लागतात असे नाही. घरातल्या आरशातही लागतात.

पण ज्या गोष्टीसाठी मी एवढा वेळ घेतला ती पुढेच आहे. उतरायला आलेला वैमानिक जहाजाच्या बाजूने उलट दिशेला जात असताना रेडिओवर दोन शब्द बोले: "फोर ग्रीन." म्हणजे चार हिरवे. समोरच्या तक्त्यावर तीन चाकांचे तीन दिवे आणि आकड्याचा चौथा. चारही हिरवे दिसले म्हणजे चाके पूर्ण बाहेर आली आणि आकडा खाली आला. जमिनीवर उतरताना तीन पुरतात. जहाजावर चार लागतात. व्हाइस ॲडमिरल विनोद पसरिचा यांनी नौदलाच्या उड्डाणांवर लिहिलेल्या पुस्तकाचे नावच मुळी 'डाउनविंड, फोर ग्रीन' असे आहे. वैमानिकांच्या मनात त्या दोन शब्दांचे घर केवढे आहे ते यावरून कळते.

मी तरुण होतो तेव्हा मला प्रश्न पडे, की दिवे तर त्यालाच दिसतात, मग मोठ्याने सांगायचे कशाला? हजार वेळा उतरलेला माणूसही दर वेळी सांगे. एकदा मी धीर करून एका वैमानिक साहेबांना विचारले. ते म्हणाले, "मनात म्हटलेली गोष्ट आपण न पाहताही म्हणू शकतो. तोंडाने दुसऱ्याला सांगायची असली, की आधी डोळ्यांनी पाहावी लागते. आणि चौथा दिवा लागला नसेल तर तेही त्याच तोंडाने सांगावे लागते."

हे शेवटचे वाक्य मी आयुष्यभर सांभाळले.

उतरल्यावरही सुटका नसे. डेकवर एक अधिकारी प्रत्येक विमानाचे उतरणे पाहून टिपून घेई. नंतर सारे वैमानिक एका खोलीत बसत आणि तो वाचून दाखवी. हा उंच आला, त्याने सरळ करायला उशीर केला, याने वेग जास्त ठेवला. तुकडीचा प्रमुख असो की कालचा पोरगा, सगळ्यांचे सर्वांसमोर वाचले जाई. कोणी हसत नसे, कोणी चिडत नसे. ज्याचे चुकले तो "होय साहेब" म्हणून पुढच्या वेळेसाठी लिहून घेई. जुने वैमानिक भेटले, की लढाईच्या गोष्टी थोड्या सांगतात आणि या खोलीच्या गोष्टी जास्त सांगतात. ज्याला आपली चूक चार लोकांत ऐकून घेता आली नाही, तो त्या कामात फार दिवस राहिला नाही, असे ते म्हणतात.

आता माझी एक गोष्ट सांगतो. तुकडीचे, जागेचे आणि माणसांचे नाव घेत नाही, कारण चूक माझी होती.

मी वीस वर्षांचा होतो. बढतीची परीक्षा तोंडावर आलेली. त्या दिवशी आम्ही दोन विमानांवर काम केले होते. संध्याकाळी हत्यारांचा ट्रे परत करताना मोजले, तर एक लहान पाना कमी. बोटाएवढा पाना! मोजणाऱ्याने घाईत पाहिले नाही आणि ट्रे आत गेला. मला मात्र कळले होते. मनात आले, गावातल्या दुकानात असाच पाना पाच-सहा रुपयांना मिळतो. सकाळी आणून ठेवावा. कोणाला काय कळणार? जेवण गेले नाही. अंथरुणावर पडलो तर तो पाना डोळ्यांसमोर. विमानाच्या पोटात सुकाणूच्या दांड्या हलत असतात. त्यांच्या वाटेत एवढासा लोखंडाचा तुकडा अडकला, तर वर गेलेला माणूस खाली येत नाही.

रात्री अकरा वाजता मी आमच्या चीफ साहेबांच्या खोलीचे दार वाजवले. मोठा कडक माणूस. ते चपला घालून बाहेर आले. मी सांगितले. त्यांनी एकच विचारले, "कुठल्या विमानात?" मी म्हणालो, "नक्की सांगता येत नाही, दोन्हींपैकी एकात." ते म्हणाले, "चल." त्या रात्री दोन्ही विमानांची झाकणे उघडली गेली. दहा माणसे झोपेतून उठली. कोणी मला शिवी दिली नाही असे म्हणणार नाही, दिल्याच. पहाटे चारच्या सुमारास पाना सापडला. एका झाकणाच्या आत, दांडीपासून वीतभर अंतरावर.

सकाळचे उड्डाण दोन तास उशिरा झाले. निष्काळजीपणाबद्दल मला शिक्षा मिळाली. पंधरा दिवस सुट्टी बंद, आणि तीही वाजवी होती. पण दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तेव्हा चीफ साहेबांनी तोच ट्रे माझ्या हातात दिला. दुसऱ्या कोणाला दिला नाही. म्हणाले, "मोजून घे." एवढेच. हरवल्याची शिक्षा दिली आणि सांगितल्याचा विश्वास ठेवला. दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. मित्रहो, मला नोकरीत पुढे जे काही मिळाले ते त्या दोन शब्दांत मिळाले.

तुम्ही म्हणाल, युद्धाचे काहीच सांगितले नाही. सांगतो, कारण तेथेही हीच गोष्ट आहे. मी त्या वेळी किनाऱ्यावर होतो, म्हणून हे परत आलेल्यांकडून ऐकलेले आणि छापील नोंदींत वाचलेले आहे.

१९७० साली विक्रांतच्या बॉयलरच्या ड्रमांना तडे गेलेले आढळले. वेल्डिंग करून भागणार नव्हते. नवे ड्रम परदेशातून यायचे होते. पुढच्या वर्षी युद्धाची चिन्हे दिसू लागली. वाफ नाही तर वेग नाही, आणि गोफणही नाही. बंदरात नुसते उभे ठेवावे तर जहाजाचा उपयोग काय? आणि दडपून पूर्ण दाबाने चालवावे तर बॉयलर फुटण्याची भीती. इंजिनीअरांनी तडा लपवला नाही आणि वाढवूनही सांगितला नाही. मोजून सांगितला. मग दाब किती ठेवायचा याची मर्यादा ठरली, चाचण्या झाल्या, कमी वेगात सी हॉक उडवता येतात का ते पाहिले गेले. त्या मर्यादेत राहूनच जहाज बंगालच्या उपसागरात गेले. कप्तान होते स्वराज प्रकाश. सी हॉक तुकडीचे प्रमुख होते लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता. ४ डिसेंबर १९७१ रोजी सकाळी सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला केला, त्याच दिवशी चितगाववर. पुढच्या दिवसांत खुलना, मंगला, चालना या बंदरांकडेही विक्रांतची विमाने गेली. समुद्राकडून पूर्वेचे दार बंद झाले. दोघाही अधिकाऱ्यांना महावीर चक्र मिळाले.

ती विमाने तेव्हा काही नवी नव्हती. काही तर पश्चिम जर्मनीच्या नौदलाने वापरून सोडलेली होती. जगात त्यांच्यापेक्षा कितीतरी वेगवान जेट उडू लागली होती. जुने विमान आणि तडा गेलेला बॉयलर, या दोन गोष्टींवर ती मोहीम पार पडली. तडा कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक होते, म्हणूनच पार पडली. तो कोणी झाकला असता तर? विचार करा.

आता मी विमानातून खाली, आपल्या बोईसरमध्ये येतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या ओळखीच्या एका घरात असे घडले. मुलगा अकरावीला रसायनशास्त्रात नापास झाला. त्याने गुणपत्रिका घरी दाखवलीच नाही. रोज सकाळी दप्तर घेऊन निघे, लोकल पकडे, विरारला जाई, परत येई, पुन्हा जाई. दोन महिने! एका शेजाऱ्याने त्याला विरारच्या फलाटावर बाकावर झोपलेला पाहिला तेव्हा उलगडा झाला. वडील माझ्याकडे आले. इथल्याच एका कारखान्यात पाळीवर काम करणारा कष्टाळू माणूस. डोळ्यांत पाणी. म्हणाले, "चाचा, नापास झाला याचे दुःख नाही. मला सांगितले का नाही?"

मी मुलाला जवळ बसवून विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, "सांगितले असते तर अब्बांनी आधी मारले असते, मग ऐकले असते."

मी त्या वडिलांना विचारले, "कारखान्यात दर तासाला दाब आणि तापमान लिहिता ना?" म्हणाले, "लिहितो." "काटा लाल रेघेवर गेला तर काय करता?" "लगेच साहेबांना फोन करतो." "काट्याला मारता का?" ते गप्प झाले. बराच वेळ गप्प होते. आपल्या भागातल्या घराघरांतून माणसे कारखान्यात जातात. शेजारी तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून उभे आहे. नोंदवही म्हणजे काय, न लिहिलेला आकडा किती महाग पडतो, हे आपल्या पालकांना मी सांगायला नको. तीच समज पाळी संपवून घरात शिरताना आपण उंबऱ्याबाहेर का ठेवतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

तो मुलगा पुन्हा परीक्षेला बसला. मोठा चमत्कार झाला असे नाही. एका विषयात तो अजून अडकला आहे. पण या वेळचा निकाल त्याने स्वतः घरी आणला आणि अब्बांच्या हातात दिला. अब्बांनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "जेवून घे, मग बसू." मला विचाराल तर त्या घरात त्या दिवशी चौथा दिवा लागला.

मुलांनो, तुमच्याही वाट्याचे काम आहे. अब्बा ऐकतात म्हणून चूक पुन्हा करायची सूट मिळाली, असे समजू नका. माझी पंधरा दिवसांची सुट्टी गेलीच होती. सांगणे म्हणजे शिक्षेतून पळणे नव्हे; शिक्षा घेऊन पुन्हा ट्रे हातात घेण्याची लायकी राखणे होय. आणि वेळेवर सांगा. दोन महिन्यांनी सांगितलेली गोष्ट तुम्ही सांगितलेली नसते, ती उघडकीस आलेली असते.

जाता जाता उपयोगाची थोडी माहिती देतो. नौदलात वैमानिक व्हायचे तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित सोडू नका. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेणारी राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगर येथे १९७७ पासून आहे. मुलींसाठी नाशिकलाही तशी सोय झाली आहे. मुलींच्या पालकांनी हे विशेष लक्षात घ्यावे. २०२२ पासून प्रबोधिनीत मुलीही शिकू लागल्या. डिसेंबर २०१९ मध्ये सब लेफ्टनंट शिवांगी नौदलाच्या पहिल्या महिला वैमानिक झाल्या, आणि जुलै २०२५ मध्ये सब लेफ्टनंट आस्था पूनिया यांची लढाऊ विमानांच्या शाखेसाठी निवड झाली. त्या शाखेत जाणाऱ्या त्या पहिल्या महिला. आणि ज्यांचे गुण तितके नसतील त्यांनी निराश होऊ नये. विमानाखाली टॉर्च घेऊन वाकणाऱ्या माणसाचीही गरज आहे, हे मी आपल्यासमोर उभा राहून सांगतो आहे.

आमची ती विमाने आता उडत नाहीत. डिसेंबर १९८३ मध्ये सी हॅरियर विमाने आली आणि सी हॉकचा काळ संपला. गोव्याला बोगमाळो येथे नौदलाचे विमान संग्रहालय आहे, तेथे सी हॉक उभे आहे. शाळेची सहल गोव्याला गेली तर मुलांना अवश्य दाखवा. समुद्रकिनारा नंतरही पाहता येईल. जुने विक्रांत १९९७ मध्ये सेवेतून निवृत्त झाले, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून राहिले आणि २०१४ साली दारूखान्यात तोडले गेले. तो दिवस आम्हा जुन्या लोकांना जड गेला. त्याच्या पोलादाचा काही भाग बजाजच्या एका मोटारसायकलीत वापरला गेला. बोईसरच्या नाक्यावर ती गाडी दिसली, की मी थोडा थांबतो आणि मुलगा ती किती वेगात हाकतो आहे तेही पाहतो. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नवे विक्रांत नौदलात दाखल झाले, तेही आपल्याच देशात बांधलेले, २६२ मीटर लांबीचे. सी हॅरियर उभेच्या उभे डेकवर टेके, त्याला आकडा लागत नसे. आताची जेट विमाने पुन्हा आकड्याने दोर पकडून उतरतात. म्हणजे चौथ्या दिव्याचे काम पुन्हा आले आहे.

पालकांना माझी एकच विनंती आहे. आज रात्री जेवायला बसाल तेव्हा मुलांना "आज किती गुण मिळाले?" असे विचारू नका. "आज काय चुकले?" असे विचारा. आणि ते विचारण्याआधी आपले स्वतःचे आज काय चुकले ते सांगा. त्या वैमानिकांच्या खोलीत तुकडीच्या प्रमुखाचेही सर्वांसमोर वाचले जाई, म्हणून पोरगाही ऐकून घेई. सुरुवातीला जीभ अडखळेल. आठ दिवसांनी पाहा, मुले आपण होऊन सांगू लागतील.

 बोलण्यात काही कमी-जास्त झाले असेल तर ते सभा संपल्यावर मला तोंडावर सांगावे.

जय हिंद.